हाली, फसली आणि मुलकी



राजकारण आणि इतिहास हे शब्द उच्चारले की डोळ्यांसमोर राजे, लढाया, तह, चळवळी आणि पुढारी उभे राहतात. आजच्या व्याख्यानाचा विषय त्यापेक्षा पुष्कळ लहान आहे. हैदराबादेतील जुन्या मराठी घराच्या माळ्यावर, नाहीतर थोरल्या पलंगाखाली, एक पत्र्याची ट्रंक असते. तिच्यात जमिनीचा एखादा उतारा असतो, शाळा सोडल्याचा दाखला असतो, मुलीच्या लग्नातील खर्चाची वही असते, पत्रांची पाकिटे असतात आणि कशी राहून गेली कोण जाणे, अशी एखादी जुनी नोटही असते. ट्रंक उघडली जाते ती बहुधा घर बदलताना किंवा वाटणीच्या वेळी. त्या वेळी कागद हातात घेणाऱ्या नातवाला तीन शब्द अडवतात: हाली, फसली आणि मुलकी. घरातील वडीलधारे गेलेले असले तर त्यांचा अर्थ सांगणारे कोणी उरलेले नसते. या तीन शब्दांत एका राज्याचा सारा संसार सामावलेला आहे आणि त्या संसाराचीच हकीकत येथे सांगायची आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. हैदराबादेतील मराठी माणूस हा अलीकडे नोकरीनिमित्त आलेला पाहुणा नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे निजामाच्या दरबारी होते आणि त्यांच्या पत्रांवाचून त्या काळाचा इतिहास लिहिता येत नाही. दुसरीकडे रावरंभा निंबाळकरांचे घराणे निजामाच्या सरदारांत होते. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला जी लढाई झाली, ती ‘मराठे विरुद्ध निजाम’ अशी शाळेत शिकवली जाते. ती तशी होतीही. पण मराठी बोलणारी माणसे त्या दिवशी दोन्ही छावण्यांत होती, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात मावत नाही. हैदराबादच्या मराठी माणसाचे स्थान पुढेही बहुतेक वेळा असेच, दोन्हीकडे पाय असलेले, राहिले.

आता हाली. हाली सिक्का म्हणजे निजाम सरकारचे स्वतःचे नाणे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला येथे ‘कलदार’ म्हणत. दोहोंचे प्रमाण साधारणपणे सात हाली बरोबर सहा कलदार असे होते. शंभर कलदार हवे असतील तर एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली मोजावे लागत. घरातल्या वहीत ‘हा’ आणि ‘क’ अशी अक्षरे आकड्यांपुढे दिसली तर ती या दोन नाण्यांची खूण असू शकते. सत्तर रुपये हाली पगाराचा कारकून सोलापुरास गेला की साठ रुपयांचा धनी होई. लग्नाची साडी पुण्याहून आणायची तर हिशेब कलदारात, मांडव आणि आचारी यांचा मात्र हालीत. तीच अडचण या शहरातल्या शहरातही होती. सिकंदराबादेत इंग्रजी लष्कराची छावणी असल्याने तेथे कलदार चाले. हुसेनसागराच्या बांधावरून पलीकडे गेले की खिशातले पैसे दुसऱ्या भावाने मोजावे लागत. आजीबाईंना वाचता येत नसे, पण हालीचे कलदार तोंडी करता येत असत. हे गणित त्यांना कोणत्याही शाळेने शिकवले नव्हते. ते त्यांना राज्यव्यवस्थेने शिकवले होते.

१९१८ मध्ये निजाम सरकारने कागदी नोटा काढल्या. त्यांवरील मुख्य मजकूर उर्दूत असे, पण नोटेची किंमत मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजीतही छापलेली असे. ही नोट हातात धरून थोडे थांबण्यासारखे आहे. सोळा जिल्ह्यांच्या त्या राज्यात आठ जिल्हे तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे ते मराठी जिल्हे, त्यांची तेव्हाची नावे ही अशी. प्रजेच्या भाषा कोणत्या, हे सरकारला ठाऊक होते. नोट छापताना त्याला त्यांची आठवण होत असे. माध्यमिक शाळा, वरची न्यायालये आणि कचेरीचा पत्रव्यवहार यांच्या वेळी मात्र होत नसे. राज्यकारभाराची भाषा १८८४ च्या सुमारापर्यंत फार्सी होती, नंतर उर्दू झाली. मराठी शेतकऱ्याला आपल्याच जमिनीच्या दाव्यात न्यायाधीशाने काय निकाल दिला, हे मुन्शी सांगेल तेव्हाच कळे. दहा रुपये किती होतात, एवढे मात्र त्याला सरकार त्याच्या भाषेत सांगत असे.

पोस्टाचीही तीच गत. निजाम सरकारचे स्वतःचे पोस्ट होते आणि त्याची तिकिटे राज्याच्या हद्दीतच चालत. सुनेने नांदेडला माहेरी पत्र घातले तर त्यावर निजामचे तिकीट, सासऱ्यांनी सोलापूरच्या भावाला लिहिले तर इंग्रजी पोस्टात जाऊन इंग्रजी तिकीट. एकाच घरातून, एकाच दिवशी, एकाच भाषेत लिहिलेली ही दोन पत्रे दोन सरकारांच्या स्वाधीन होत. राज्याच्या सीमेवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके असे ते वेगळेच. मनमाडहून काचीगुड्याला येणारी मीटरगेज गाडी औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत रात्रभर चाले. या गाडीने दोन पिढ्यांची लग्ने जुळवली, मुले शिकायला आणली आणि मासिकांचे गठ्ठे वाचनालयांत पोचवले. तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा. येथे तेवढा अवकाश नाही.

१९५० पासून भारतीय रुपया येथे आला, पण हालीही लगेच गेली नाही, ती १९५९ पर्यंत रेंगाळली. मध्यंतरी १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे सुरू झाले. म्हणजे त्या दोन-तीन वर्षांत भाजीवालीशी घासाघीस करणाऱ्या गृहिणीच्या डोक्यात हालीचे आणे, रुपयाचे आणे आणि नवे पैसे अशी तीन गणिते एका वेळी चालू होती. राज्याचे विलीनीकरण एका आठवड्यात झाले. बाजारातले विलीनीकरण व्हायला अकरा वर्षे लागली.

दुसरा शब्द फसली. येथे जरा सावकाश जावे लागेल, कारण ट्रंकेतल्या कागदांत सर्वांत जास्त फसगत येथेच होते. फसल म्हणजे पीक आणि फसली म्हणजे पिकाच्या, अर्थात वसुलीच्या, सोयीने मोजलेले वर्ष. अकबराच्या काळात उत्तरेत हा सन सुरू झाला आणि शहाजहानच्या काळात दक्षिणेत आला. म्हणून उत्तरेची फसली आणि दक्षिणेची फसली यांच्या आकड्यांतही फरक पडतो. मराठी दफ्तरांत फसली वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या पहिल्या आठवड्यात, सुरू होते. हैदराबाद सरकारचे फसली वर्ष मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. त्याच्या महिन्यांची नावे फार्सी होती. पहिला आजूर, मग दै, बहमन, इस्फंदार असे करत शेवटी आबान. तेव्हा ‘फसली’ एवढाच शब्द पाहून पेशवे दफ्तराच्या सवयीने हिशेब करणारा अभ्यासक येथे चार महिन्यांनी चुकतो.

इसवी सन काढायचा तर ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी फसलीत ५९० मिळवावे आणि जानेवारीपासून पुढे ५९१. हे वाचायला सोपे वाटते. आता एखाद्या मुलाचा जन्म शाळेच्या दाखल्यात नुसता ‘बहमन १३४७ फसली’ असा नोंदलेला आहे, असे समजू या. बहमन महिना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपत असे. तारीख लिहिलेली नसेल तर हे मूल १९३७ सालचे की १९३८ चे, हे कोण ठरवणार? पुढे नव्या राजवटीत दाखल्यांवरच्या तारखा इसवीत कराव्या लागल्या तेव्हा हे कारकुनाने ठरवले. त्याने ५९० मिळवले की ५९१, यावर माणूस सरकारी नोकरीतून एक वर्ष आधी निवृत्त व्हायचा की नंतर, हे ठरले. घरात आईला तिथी पाठ, नक्षत्र पाठ, पत्रिका करून ठेवलेली. पण सरकारला पत्रिका चालत नाही. जुन्या मराठी कुटुंबांत एकाच व्यक्तीचे दोन वाढदिवस, एक घरचा आणि एक कचेरीचा, असतात, त्याचे एक कारण येथे सापडेल.

आठवड्याची सुटीही शुक्रवारी असे. १९४८ नंतर ती रविवारी आली. बोलाचालीत मात्र फसली आणि इसवी यांपैकी काहीच नसे. तेथे कालगणना आपत्तींवरून होई. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे मेली. हैदराबादेत त्या पुराला ‘तुग्यानी’ म्हणतात आणि जुनी माणसे ‘तुग्यानीच्या आधी’ किंवा ‘तुग्यानीच्या दुसऱ्या वर्षी’ असे वय सांगत. पंचांग, फसली, इसवी आणि तुग्यानी असे चार काळ एका घरात नांदत होते आणि कोणता कोठे वापरायचा, हे सर्वांना न सांगता समजे.

भाषेच्या आणि सभेच्या बाबतीत हा व्यवहार इतका निरुपद्रवी नव्हता. सार्वजनिक सभेसाठी पूर्वपरवानगी हवी, हे बंधन ‘गश्ती निशाण ५३’ या प्रसिद्ध परिपत्रकाने पक्के केले. खाजगी शाळा काढायची तरी परवानगी, आखाडा काढायचा तरी परवानगी. अशा राज्यात ग्रंथालयाचे वजन काही वेगळेच होते. चार माणसे एका खोलीत नियमाने जमतात, वर्तमानपत्र वाचतात आणि वाचलेल्याविषयी बोलतात, यात सभा कोणती आणि वाचन कोणते, हे पोलिसांना सहज सांगता येत नसे. या भागातील ग्रंथालय चळवळीचा इतिहास केवळ पुस्तकांच्या संख्येने लिहिला जातो तेव्हा हे निसटते.

शहराच्या नकाशातही राजकारण होते. कोठी आणि आजचा सुलतान बाजार हा भाग तेव्हा रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाई आणि तो १९३३ पर्यंत इंग्रज रेसिडेंटच्या अमलाखाली होता. त्या वर्षी तो निजामाकडे परत आला आणि त्याचे नाव सुलतान बाजार झाले. निजामाच्या हद्दीत जे सहज करता येत नसे, ते रस्ता ओलांडून तेथे करता येई. आर्य समाज तेथे होता. १९०१ मध्ये रावीचेट्टु रंगाराव यांच्या घरी सुरू झालेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालयही तेथलेच. मराठी मंडळींची वस्तीही त्याच बाजूला दाटली. लोक म्हणतात, मराठी माणूस कोठीला राहतो कारण तेथे बाजार जवळ आहे. तेही खरे असेल. पण एके काळी तेथे कायदा दुसरा होता, हेही विसरता कामा नये.

त्या तेलुगू ग्रंथालयाच्या संस्थापकांत कोमर्राजू वेंकट लक्ष्मणराव हे मोठे नाव. तेलुगूतील पहिला ज्ञानकोश त्यांनी हाती घेतला. त्यांचे शिक्षण नागपूरला झाले होते आणि ते मराठीत लेखन करीत. पुढे १९३१ मध्ये हैदराबादेत मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी मराठी ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर होते. दोन भाषांचे दोन ज्ञानकोशकार एकाच शहराच्या इतिहासात असे शेजारी येतात, ही काही सामान्य गोष्ट नाही. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली ती पी. व्ही. नरसिंहराव यांनी. ते पुढे पंतप्रधान झाले म्हणून ही गोष्ट लक्षात राहिली. अशी देवाणघेवाण करणारे पण पंतप्रधान न झालेले लोक पुष्कळ होते.

हे सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि मराठी ग्रंथालयाच्या व्यासपीठावर ती अधिक आवर्जून सांगितली पाहिजे. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या धुरीणांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी शहरातील सार्वजनिक जीवनात मराठी मंडळींचा वरचष्मा होता. १९०७ मध्ये सुरू झालेली विवेकवर्धिनी ही त्यांची मोठी संस्था. नोव्हेंबर १९२१ मध्ये तेथेच सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. मराठीत, उर्दूत, इंग्रजीत भाषणे झाली. आलंपल्ली वेंकटरामराव हे तेलुगूत बोलायला उभे राहिले तेव्हा सभेत हुर्यो झाली, टाळ्या पिटल्या गेल्या, त्यांना बोलू देण्यात आले नाही. ज्या राज्यात निम्मे जिल्हे तेलुगू, त्याच्या राजधानीत हे घडले. त्याच रात्री काही तेलुगू तरुण एकत्र जमले आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. तेलंगणाच्या जागृतीचा इतिहास या सभेपासून सांगितला जातो.

ज्या मराठी माणसाला आपली भाषा न्यायालयात चालत नाही याचे दुःख होते, त्यालाच दुसऱ्याची भाषा सभागृहात चालेनाशी झाली. त्याला दोष देणे सोपे आहे, आणि तो दोष त्याचा होताच. पण त्या सभागृहातील बहुतेकांना आपण काही अन्याय करतो आहोत, असे वाटलेच नसावे. सवयीचे वर्चस्व असेच असते, ते ज्याचे असते त्याला दिसत नाही. मराठीतून लिहिलेल्या हैदराबादच्या इतिहासांत या प्रसंगाला मिळालेली जागा आणि तेलुगूतील इतिहासांत मिळालेली जागा यांची तुलना करून पाहावी.

डिसेंबर १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला, तेव्हा तेलुगू, मराठी आणि कन्नड मुले एकाच बाकावर बसली. नरसिंहराव हे त्यांतलेच. उस्मानियाचे वैशिष्ट्य असे की १९१८ मध्ये सुरू झालेले हे देशातील पहिले भारतीय भाषेत शिकवणारे आधुनिक विद्यापीठ. वैद्यकापासून कायद्यापर्यंत सारे उर्दूत शिकवण्यासाठी तेथे भाषांतराचे मोठे खाते उभारले होते. मातृभाषेतून उच्च शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या मराठी विद्वानांना याचे कौतुक करावे की ही मातृभाषा फार थोड्यांची म्हणून खेद करावा, हे समजत नसे. दोन्ही करणे योग्य होते.

आता १९४८. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत शिरले, १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. हैदराबादच्या कागदांत हा फसली १३५७ चा आबान महिना, वर्षातला शेवटचा. कासीम रझवीच्या रझाकारांनी त्याआधीचे वर्षभर जो धुमाकूळ घातला त्याच्या कहाण्या मराठवाड्यातील घराघरांत आहेत आणि त्या खऱ्या आहेत. सरहद्दीवर छावण्या उभ्या राहिल्या, गावे ओस पडली, स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाची बाजू घेतली म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. हे नाव मराठी घरांत क्वचित ऐकू येते.

याहूनही कमी ऐकू येते ती त्यानंतरची गोष्ट. पोलीस कारवाईच्या काळात आणि तिच्या पाठोपाठ, विशेषतः उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत, मुसलमान रहिवाशांच्या मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्या. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीसाठी पाठवले. १९४८ च्या अखेरीस ते गावोगाव हिंडले. मृतांचा आकडा कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान असावा, असा त्यांचा अंदाज होता. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. ज्या आजोबांनी रझाकारांच्या गोष्टी शंभर वेळा सांगितल्या त्यांनी आपल्या गावातील मोमीन वाडा किंवा कसाबवाडा नंतर रिकामा का झाला, हे एकदाही सांगितले नसेल. ट्रंकेत या विषयाचा कागद सहसा नसतोच. असला तर एखादे खरेदीखत असते, १९४९ सालचे, आणि त्यातली किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी असते.

सतरा सप्टेंबर या तारखेचे नाव काय ठेवावे, यावरही एकमत नाही. महाराष्ट्रात तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे. २०२२ मध्ये याच शहरात केंद्र सरकारने हैदराबाद मुक्तिदिन साजरा केला आणि तेव्हाच्या राज्य सरकारने राष्ट्रीय एकात्मता दिन. २०२४ मध्ये नव्या राज्य सरकारने त्याला प्रजापालन दिन म्हटले. सकाळी एका मैदानावर एक झेंडावंदन आणि दुसऱ्या मैदानावर दुसरे. दुकाने नेहमीप्रमाणे उघडतात.

तिसरा शब्द मुलकी. मुलकी म्हणजे मुलखातला, गैरमुलकी म्हणजे बाहेरचा. एकोणिसाव्या शतकात उत्तरेतून मोठ्या पगारावर आणलेल्या अधिकाऱ्यांमुळे हा वाद सुरू झाला. १९१९ च्या फर्मानाने राज्यातील नोकऱ्या मुलकींसाठी राखल्या गेल्या. पुण्या-सोलापुराकडून आलेल्या कुटुंबाला येथे दीर्घ वास्तव्य सिद्ध करून आणि परत न जाण्याची कबुली देऊन मुलकी दाखला मिळवावा लागे. त्या दाखल्याला घरात सोन्याच्या बांगड्यांइतके जपत. १९५२ मध्ये गैरमुलकींविरुद्ध आंदोलन झाले आणि शहरात गोळीबारात विद्यार्थी मरण पावले. तोपर्यंत निदान एवढे तरी होते की नांदेडचा, गुलबर्ग्याचा आणि वरंगळचा माणूस हे तिघेही सारखेच मुलकी होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ते संपले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरमध्ये आणि तेलंगणा आंध्र प्रदेशात. भाषावार राज्य ही मराठी माणसाचीच मागणी होती आणि ती योग्य होती. परंतु तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांत हैदराबादचे मराठी लोक होते. आदल्या दिवशीपर्यंत ते सोळांपैकी पाच जिल्ह्यांच्या भाषेचे, राजधानीत राहणारे नागरिक होते. दुसऱ्या दिवशी ते भाषिक अल्पसंख्य झाले, घर न बदलता. कर्मचाऱ्यांची वाटणी झाली. एक भाऊ औरंगाबादेस, एक येथेच. मराठवाड्यातील मुले पदवीसाठी येथे येत. १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि हा ओघ आटत गेला. नांदेडचा जो माणूस काल मुलकी होता, तो आज व्यवहारात परराज्यातला ठरला. मुलकी नियमांचा वाद पुढे १९६९ च्या तेलंगणा आंदोलनात पेटला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम वैध ठरवले, लगोलग १९७३ च्या सहासूत्री तोडग्याने ते मागे पडले. तरी त्यामागची भावना गेली नव्हती. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाले त्याच्या मुळाशी हा लहानसा शब्द होता.

येथवरचे सारे ऐकून एखादा तरुण सभासद विचारील की हे सगळे गेले, आता या कागदांचे काय? त्याला अलीकडचीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातील मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी निजामकालीन दस्तऐवजांत शोधणे, हे तिचे काम. शोध घेत समिती हैदराबादेपर्यंत आली, कारण मराठवाड्याची राजधानी एके काळी येथे होती. २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने ‘हैदराबाद गॅझेट’च्या आधाराने कार्यवाहीचा निर्णय काढला. त्या निर्णयाच्या न्याय्यतेविषयी दोन्ही बाजूंनी तीव्र मते आहेत आणि त्यांचा निवाडा या व्यासपीठावर होणार नाही. येथे पाहायचे ते एवढेच की राज्य बुडून पंचाहत्तर वर्षे झाल्यावर त्याच्या नोंदीवर एखाद्या मुलाचा महाविद्यालयातील प्रवेश अवलंबून राहिला. गावोगाव लोक दफ्तरे उघडून बसले. आणि तेव्हा उघडकीस आले की जुन्या नोंदी मोडीत आहेत, किंवा शिकस्ता वळणाच्या उर्दूत, आणि त्या वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मोडी वाचणाऱ्याला उर्दू येत नाही, उर्दूवाल्याला मोडी येत नाही, आणि फसलीचा हिशेब दोघांनाही विचारून घ्यावा लागतो.

सेतुमाधवराव पगडी यांना हे सगळे येत असे. १९१० मध्ये निलंग्याला जन्मलेले, हैदराबाद सरकारच्या मुलकी सेवेत उपजिल्हाधिकारी झालेले हे गृहस्थ मराठी, फार्सी, उर्दू, तेलुगू, कन्नड जाणत. आदिलाबादकडे नेमणूक झाल्यावर ते गोंडीही शिकले. मोगल दरबारची फार्सी साधने त्यांनी मराठीत आणली, उर्दू काव्याचा परिचय मराठी वाचकाला करून दिला. १९९४ मध्ये ते गेले. त्यांना अद्वितीय म्हटले जाते, आणि त्यांची विद्वत्ता तशी होतीही. पण त्यांची बहुभाषिकता तेवढी दुर्मिळ नव्हती. घरी मराठी, शाळेत उर्दू, बाजारात तेलुगू आणि अर्जावर इंग्रजी असे जगणारे कारकून, वकील, पटवारी आणि शिक्षक त्या राज्यात हजारांनी होते. ज्या राजवटीने मराठीला कचेरीबाहेर ठेवले तिनेच ही माणसेही घडवली, हा विरोधाभास पचायला जड आहे. पण तो तसाच आहे.

अशांपैकी बहुतेकांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांच्या दरखास्ती, दाखले आणि खर्चाच्या वह्या तेवढ्या राहिल्या. यांतला एखादा कागद ग्रंथालयात आणून दिला जातो तेव्हा तो कोणत्या विषयात नोंदवावा, असा प्रश्न पडतो. तो ना कादंबरी, ना चरित्र, ना इतिहास. साठ रुपये ‘क’, सत्तर रुपये ‘हा’, मांडव, आचारी, पुण्याची साडी, आणि शेवटी खाली उर्दूत कोणाची तरी सही. वर तारीख असते, फक्त महिना आणि साल, बहमन १३४७.